भोकात मोडून बसलेला एबीएस सेन्सर घरच्या घरी कसा काढायचा

एबीएस सेन्सर म्हणजे चाक किती वेगाने फिरतंय ते ब्रेकच्या एबीएस यंत्रणेला सांगणारा छोटा भाग. तो बदलायचं काम दहा मिनिटांचं आहे असं मलाही वाटलं होतं. एक बोल्ट सोडवायचा, जुना सेन्सर ओढून काढायचा, नवा सरकवायचा. बोल्ट खरंच दोन मिनिटांत निघाला. मग सेन्सरच्या कानाखाली (बोल्ट ज्यातून जातो त्या पट्टीखाली) स्क्रूड्रायव्हर घालून उचकटायला गेलो, 'कट्' आवाज आला आणि कान तेवढा हातात राहिला. बाकीचा सेन्सर जिथल्या तिथे. पुढचे दोन दिवस त्या करंगळीएवढ्या प्लास्टिकशी झटापट केली, आणि त्या नादात ड्रिल जरा जास्त आत गेल्यामुळे चांगलं चालणारं बेअरिंगही बदलावं लागलं.

तुमचे दोन दिवस आणि एक बेअरिंग वाचावं म्हणून हे लिहितोय. काम करताना एकच गोष्ट डोक्यात ठेवा. जुना सेन्सर मेलेलाच आहे, त्याचे तुकडे झाले तरी काही बिघडत नाही. जपायचं आहे ते नकलमधलं (चाकाचं बेअरिंग आणि सेन्सर धरून ठेवणाऱ्या धातूच्या भागामधलं) भोक, आणि त्या भोकाच्या तळाशी सेन्सरच्या टोकापासून जेमतेम मिलिमीटरभर अंतरावर चाकाबरोबर फिरणारी दातेरी किंवा चुंबकीय रिंग. तिच्यावरूनच सेन्सरला वेग कळतो.

हा जाम होतोच कसा

सेन्सरचं अंग बहुतेक प्लास्टिकचं असतं. प्लास्टिकला गंज चढत नाही, मग तो अडकतो कशामुळे? गंज चढतो तो भोकाला. नकल बहुतेकदा ओतीव लोखंडाची असते, आणि लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा खातो. भोकाची भिंत आतल्या बाजूला फुगत जाते आणि सेन्सरला चहूबाजूंनी आवळते. समुद्राकाठची खारी हवा, चिखलपाणी, बर्फाच्या रस्त्यांवर टाकलेलं मीठ, सगळं याला हातभार लावतं. ॲल्युमिनियमच्या नकलमध्ये लाल गंजाऐवजी पांढरी भुकटी दिसेल, पण पकड तशीच.

हे कळलं की सरळ ओढून काही का होत नाही ते लक्षात येतं. ओढण्याचा सगळा जोर प्लास्टिकच्या कानावर येतो आणि गंज तसाच राहतो. गंजाचा थर मोडतो तो सेन्सर जागच्या जागी फिरवल्यावर. त्यामुळे या कामाचा क्रम असा : भिजवा, फिरवा, आणि मगच ओढा.

पायरी १ : सेन्सरच गेलाय ना, ते आधी बघा

स्कॅनरवर (गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) अमुक चाकाच्या सेन्सरचा कोड आला म्हणजे सेन्सर गेला असं नाही. कोड सांगतो की त्या चाकाकडून सिग्नल येत नाही किंवा वेडावाकडा येतोय. त्याची मुख्य कारणं चार : सेन्सर, त्याची वायर, कनेक्टर आणि रिंग. वायर सहसा स्टेअरिंगबरोबर सारखी वाकते तिथेच आतून तुटते, बाहेरून आवरण धड दिसतं. कनेक्टर उघडून पाहा. पिनांवर हिरवट थर असेल तर आधी तो साफ करा, कदाचित तेवढ्यावरच भागेल.

स्कॅनरमध्ये चालू आकडे दिसत असतील तर रिकाम्या जागी गाडी सावकाश चालवून चारही चाकांचा वेग बघा. आकडे चालवणाऱ्याने बघायचे नाहीत, शेजारी कुणीतरी बसवा. तीन चाकं २० दाखवतायत आणि चौथं शून्य, तर ते चाक सापडलं. डावं-उजवं नेहमी चालकाच्या जागी पुढे तोंड करून बसल्यावर जसं दिसतं तसं धरतात. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण बोनेटसमोर उभं राहून विचार करणारा माणूस हमखास उलटं चाक खोलतो.

सेन्सर दोन जातींचे असतात. जुन्या जातीत चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं. त्याच्या दोन पिनांमध्ये मल्टिमीटर लावला तर साधारण एक-दोन हजार ओहमच्या आसपास आकडा येतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर वेटोळं तुटलंय. नव्या जातीत आत इलेक्ट्रॉनिक चिप असते आणि तिला गाडीकडून वीज लागते. तिचे ओहम मोजून काही कळत नाही, उलट चिपला इजा होऊ शकते. तिथे स्कॅनरवरच विसंबा.

दिव्यांबद्दलही एक गोष्ट. फक्त पिवळा एबीएसचा दिवा लागला असेल तर साधे ब्रेक चालू असतात, फक्त जोरात ब्रेक दाबल्यावर चाक घसरू न देणारी यंत्रणा बंद असते. त्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही लागला असेल तर गाडी उभी करा. तो प्रश्न या लेखाच्या आवाक्यातला नाही.

पायरी २ : सामान जमवा

नवा सेन्सर आधी हातात हवा. जुना निघाल्यावर आणू म्हणाल तर फसाल, कारण नवा सेन्सर हेच तुमचं मोजमाप आहे. भोकात किती लांबीचा, किती जाडीचा भाग बसलाय ते त्याच्यावरूनच कळतं. ड्रिल करायची वेळ आली तर हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. पुढचा-मागचा आणि डावा-उजवा सेन्सर बऱ्याच गाड्यांत वेगळा असतो. वायरीची लांबी, कनेक्टरचा आकार आणि कानाचा कोन बाहेरच्या जुन्या भागाशी जुळवून घ्या.

बाकीचं सामान :

जॅक, दोन भक्कम स्टँड आणि चाकाला लावायचे ठोकळे
चाकाच्या नटांचा पाना, सॉकेटचा सेट, ॲलन आणि टॉर्क्स की
गंज सोडवणारं तेल, स्प्रेचं
तारेचा ब्रश, आणि भोकात जाईल असा गोल तारेचा ब्रश
लॉक होणारी पक्कड, साधी पक्कड
अरुंद छिन्नी, पंच, हलकी हातोडी
ड्रिल आणि ३ ते ८ मिलिमीटरचे धारदार बिट
लांब, बारीक लाकडी स्क्रू आणि दोन-तीन जाड वॉशर
१२० नंबरचा सँडपेपर
टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा
धातूचे कण नसलेलं सिलिकॉन किंवा सिरॅमिक ग्रीस
डोळ्यांचा चष्मा, मास्क, हातमोजे

चष्म्यावर हसू नका. गाडीखाली मान वर करून काम करताना गंजाचा चुरा सरळ डोळ्यात पडतो.

पायरी ३ : गाडी उचला

सपाट, टणक जागा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. जे टोक उचलायचं नाही तिथल्या चाकांना ठोकळे लावा, जॅकने उचला, स्टँडवर टेकवा आणि गाडीला हाताने धक्का देऊन बघा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालायचा नाही. हे काम पुढे हातोडी-छिन्नीपर्यंत जाणार आहे आणि प्रत्येक ठोक्याने गाडी हलणार आहे.

पुढचं चाक असेल तर स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून ठेवा, सेन्सर समोर येतो. मागचं चाक खोलत असाल, हँडब्रेक त्याच चाकावर लागत असेल आणि डिस्क काढावी लागणार असेल तर तो सोडा. पण ठोकळे लावल्यानंतरच.

पायरी ४ : कनेक्टर आणि वायर

आधी फोटो काढा. वायर कुठून जाते, कोणत्या क्लिपमध्ये बसते, रबराचे बुच कुठे आहेत, सगळ्याचे. मग वायर हाताने पकडत कनेक्टरपर्यंत जा. पुढच्या चाकाचा कनेक्टर सहसा मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकमागे असतो. मागच्याचा काही गाड्यांत मागच्या सीटखाली किंवा डिकीच्या अस्तरामागे निघतो. इग्निशन बंद असताना कनेक्टर सोडवा. लॉकची जीभ दाबून तो निघत नसेल तर आत माती अडकलेली असते. पाण्याने धुवा, जोर लावू नका. सेन्सर नवा येतोय, पण गाडीकडचा अर्धा कनेक्टर जुनाच राहणार आहे.

पायरी ५ : बोल्ट

एकच बोल्ट असतो, बहुतेकदा ६ मिलिमीटर आट्यांचा, म्हणजे नाजूक. आधी तारेच्या ब्रशने त्याचं डोकं आणि आजूबाजूचा भाग लख्ख करा. ॲलन किंवा टॉर्क्सचं डोकं असेल तर खाचेतली माती टोचून बाहेर काढा, नाहीतर की अर्धीच बसते आणि खाच गोल होते. मग तेल मारा आणि निघून जा. खरंच निघून जा. तासाभराने पुन्हा मारा, जमलं तर रात्रभर ठेवा.

तेल डिस्कवर आणि ब्रेक पॅडवर जाऊ देऊ नका. मी जुन्या कापडाचा बोळा मध्ये खोचतो. तरीही उडालंच तर डिस्क ब्रेक क्लीनरने पुसा. तेल प्यायलेलं पॅड मात्र पुसून सुधारत नाही, ते बदलावं लागतं.

बोल्ट सोडवताना एकदम उलटा जोर देऊ नका. थोडा घट्ट, थोडा सैल, पुन्हा घट्ट. आट्यांतला गंज करकरत मोडतो, तो हाताला कळतो. डोकं गोल झालंच तर एक नंबर लहान सॉकेट हातोडीने ठोकून बसवा किंवा लॉक पक्कड आवळा. डोकं तुटलं तरी घाबरू नका. सेन्सर निघाल्यावर बोल्टचा उरलेला दांडा नकलमधून वर दिसतो आणि पकडीत येतो.

पायरी ६ : सेन्सर अख्खा आहे तोवर

तुमचा सेन्सर अजून मोडला नसेल तर खेळ अजून तुमच्या हातात आहे. माझी चूक इथेच झाली.

सेन्सर नकलवर जिथे टेकतो त्या रेघेत तेल मारा. त्याच्या डोक्यावर हातोडीने हलके टकटक ठोके द्या, बाहेर काढायला नव्हे, आत ढकलल्यासारखे आणि बाजूने. कंपनाने गंजाला तडे जातात आणि तेल झिरपतं. आता लॉक पक्कड कानाला न लावता सेन्सरच्या गोल किंवा जाड भागाला लावा आणि डावी-उजवीकडे फिरवा. सुरुवातीला काही हलणार नाही. मग केसभर हलेल. तो केसभर हलला की अर्धं काम झालं. पुन्हा तेल, पुन्हा फिरवणं. दहा अंश, वीस अंश, मग पूर्ण फिरायला लागतो. तेव्हाच फिरवत फिरवत वर ओढा.

कानाखाली उचकटायचंच असेल तर एका बाजूने नको. दोन पातळ पाचरी किंवा दोन चपटे स्क्रूड्रायव्हर समोरासमोर ठेवा, म्हणजे जोर सरळ वर जातो.

गॅसची ज्योत लावायचा मोह होईल. लावू नका. शेजारी बेअरिंगचं सील आहे, ग्रीस आहे, ब्रेकचा रबरी पाइप आहे, आणि प्लास्टिक वितळून भोकात आणखी चिकटून बसतं. शिवाय काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं. ते तापलं की फॉस्जीन नावाचा विषारी वायू तयार होतो. स्प्रे मारलेल्या जागेजवळ आग नेणं हा गंमतीचा विषय नाही.

पायरी ७ : मोडला, आता काय

बहुतेक वाचक इथपर्यंत आल्यावरच मदत शोधतात, म्हणून इथे सावकाश जाऊ. तीन वाटा आहेत आणि त्या याच क्रमाने करून बघा. ड्रिल शेवटी.

पहिली वाट, मागून ठोकणं. काही गाड्यांत सेन्सरचं भोक आरपार असतं. कॅलिपर (ब्रेक पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आणि डिस्क काढली, किंवा ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) बाजूला घेतला, की सेन्सरचं टोक आतून दिसतं. तिथे पंच ठेवून दोन-चार ठोके दिले की तुकडा ज्या वाटेने आत गेला त्याच वाटेने बाहेर येतो. यात भोकाला काही होत नाही आणि कीसही पडत नाही. म्हणून जास्तीचं खोलकाम करावं लागलं तरी माझ्या मते हीच सगळ्यात सुरक्षित वाट. कॅलिपर काढलात तर तो तारेने स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या पाइपवर लोंबकळत ठेवू नका. तुमच्या गाडीत रिंग बेअरिंगच्या सीलमध्येच असेल तर मात्र ही वाट बहुधा बंद. मागे पंच जायला जागाच नसते.

दुसरी वाट, स्क्रूने उपटणं. बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखीच ही युक्ती आहे. तुकड्याचा वरचा भाग सपाट करून घ्या. ३ मिलिमीटरच्या बिटने मध्यभागी छोटं भोक पाडा, सेन्सरच्या लांबीच्या निम्म्यापर्यंतच. आता एक मोठं सॉकेट, सेन्सरच्या भोकापेक्षा रुंद तोंडाचं, नकलवर उपडं टेकवा. त्याच्यावर जाड वॉशर ठेवा. वॉशरमधून लांब लाकडी स्क्रू घालून तो प्लास्टिकमध्ये पिळा. स्क्रूचं डोकं वॉशरला टेकलं की पुढच्या प्रत्येक फेऱ्याने तुकडा वर ओढला जातो. मध्ये मध्ये थांबून तेल मारा आणि सॉकेटवर हलके ठोके द्या.

इथे एक चूक सगळे करतात. पकड चांगली यावी म्हणून जाडजूड स्क्रू घेतात. जाड स्क्रू प्लास्टिक फुगवतो आणि फुगलेला तुकडा भोकात आणखी घट्ट बसतो. स्क्रू बारीक आणि लांब हवा. तो आट्यांसकट उपटून आला तर तिरक्या जागी दुसरा लावून एकदा बघा. दोनदा फसलं की पुढे जा.

तिसरी वाट, ड्रिल. आता नवा सेन्सर हातात घ्या. कानाच्या खालच्या पृष्ठभागापासून टोकापर्यंत लांबी मोजा. त्यातून ५ मिलिमीटर वजा करा. बिटच्या टोकापासून तेवढं अंतर मोजून तिथे रंगीत चिकटपट्टीचा वेढा द्या. ही पट्टी नकलला टेकली की थांबायचं, मग आत कितीही प्लास्टिक उरलेलं दिसो. मी पट्टी लावली नव्हती. अंदाज आहे म्हणालो.

३ मिलिमीटरपासून सुरू करून ५, ६, ८ असं वाढवत जा. शेवटचा बिट सेन्सरच्या जाडीपेक्षा निदान २ मिलिमीटर बारीक हवा, म्हणजे भोकाच्या भिंतीला तो लागणारच नाही. वेग कमी ठेवा, जोरात फिरवलं की प्लास्टिक वितळून बिटला गुंडाळतं. बिटच्या खाचांत ग्रीस भरा, कीस त्यात चिकटून बाहेर येतो.

बाहेर काय येतंय याच्यावर डोळा ठेवा. आधी काळा प्लास्टिकचा भुगा येतो. जुन्या जातीचा सेन्सर असेल तर मग केसासारखी तांब्याची तार निघते, वेटोळ्याची. मध्ये लोखंडी दांडा आणि चुंबक लागतो, तिथे बिट चिवटपणे घसरायला लागतो. माझा बिट असाच आतल्या कडक भागावरून घसरला, बाजूच्या मऊ प्लास्टिकमधून भसकन खाली गेला आणि रिंगवर टेकला. म्हणून बिट घसरतोय असं वाटलं की थांबा. दांड्याभोवतीचं प्लास्टिक बारीक बिटने पोखरा, दांडा सुटा होऊन पकडीत येतो. आणि कीस चकचकीत पोलादी दिसायला लागला तर तुम्ही एक तर भिंत कापताय किंवा रिंग. दोन्ही वाईट.

आतून पोखरून झालं की भिंतीला चिकटलेलं पातळ नळकांडं उरतं. अरुंद छिन्नी किंवा टोकदार स्क्रूड्रायव्हर भिंत आणि प्लास्टिक यांच्यामध्ये सरकवून ते आतल्या बाजूला दुमडा. एक चीर पडली की बाकीचं सोलून निघतं. त्या क्षणाला जो आवाज होतो तो मला अजून आठवतो. सुकलेली साल सोलल्यासारखा, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा कानाला बरा वाटलेला.

ड्रिललाही जागा नसेल, तर थांबण्यात कमीपणा नाही. नकल काढून टेबलावर घेतली की हेच काम चौपट सोपं होतं. ते तुम्हाला जमणार नसेल तर मेकॅनिककडे न्या. मात्र अर्धवट पोखरलेल्या तुकड्यासह किंवा उघड्या भोकासह गाडी चालवत नेऊ नका. तुकडा निसटून फिरत्या रिंगमध्ये गेला तर दुसरं काम तयार.

पायरी ८ : भोक साफ करा

इथे घाई केली तर नवा सेन्सरही जुन्यासारखाच रुसेल.

आधी कीस बाहेर काढा. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक नळी चिकटपट्टीने लावा आणि ती भोकात घालून ओढून घ्या. हवा फुंकू नका. कीस सीलकडे ढकलला जातो, आणि ब्रेकची धूळ तोंडावर येते. जुन्या ब्रेक पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ ओल्या फडक्यानेच पुसावी. लोखंडाचा कीस उचलायला टेलिस्कोपसारखी चुंबकी काडी मिळते, ती इथे आणू नका. तुमच्या गाडीत दातेरी रिंगऐवजी चुंबकीय रिंग असेल तर तिच्यावर उत्तर आणि दक्षिण ध्रुवांची साखळी असते. जोरदार चुंबक जवळ नेलं तर ती बिघडू शकते. ही रिंग दिसायला साधी काळी रबरी पट्टी वाटते, म्हणून लोक फसतात.

मग गोल तारेचा ब्रश, आणि पेन्सिलीला गुंडाळलेला सँडपेपर. भोक मोठं करायचं नाही, फक्त गंज उतरवायचा. खालचं धातूचं अंग दिसलं की पुरे. नव्या सेन्सरने माप घ्या. बोटाच्या दाबाने तो तळापर्यंत जायला हवा. अडकत असेल तर पुन्हा घासा. हातोडीने ठोकून बसवू नका.

भोकाइतकाच महत्त्वाचा म्हणजे कान जिथे टेकतो तो सपाट भाग. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर सेन्सर वर उचलला जातो, रिंगपासूनचं अंतर वाढतं आणि सिग्नल कमजोर होतो. याचं लक्षण फसवं असतं. दिवा लागत नाही, पण गाडी थांबता थांबता, शेवटच्या चार-पाच फुटांत, ब्रेक पेडल उगाच थरथरतं. चाक आधीच थांबलं असं एबीएसला वाटतं. जुन्या सेन्सरवर हाच त्रास असेल तर तो कदाचित मेलाच नव्हता. आधी तो सपाट भाग बघा.

बॅटरी मारून भोकातून रिंग एकदा पाहून घ्या. चाक हाताने सावकाश फिरवत पूर्ण फेरा बघा. तडा, तुटलेला दात, ओरखडा, चिकटलेला कीस, जे दिसेल ते आत्ताच.

पायरी ९ : नवा बसवा

सेन्सरच्या अंगाला ग्रीसचा पातळ हात द्या, टोकाला नाही. कॉपर ग्रीस नको, त्यात धातूचे कण असतात आणि ते सेन्सरजवळ नकोतच. भोकाच्या वरच्या कडेलाही थोडं लावा, पाणी तिथूनच आत शिरतं.

बोल्ट शक्यतो नवा घ्या. ६ मिलिमीटरचा असेल तर साधारण ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. हा आकडा मनगटाच्या जोरापेक्षा खूपच कमी आहे, आणि आटे मेले तर हे सगळं पुन्हा.

वायर फोटोत होती तशीच, प्रत्येक क्लिपमध्ये. पुढचं चाक असेल तर स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. वायर ताणली जाऊ नये आणि टायरला घासू नये. एखादी क्लिप तुटली असेल तर प्लास्टिकच्या पट्टीने बांधा, पण वायरीला थोडी ढील ठेवून.

कॅलिपर काढला असेल तर चाक बसवल्यावर, गाडी हलवण्याआधी, ब्रेक पेडल घट्ट लागेपर्यंत चार-पाच वेळा दाबा. पिस्टन मागे गेलेला असतो आणि पहिला दाब थेट तळाला जातो. हे गाडी चालू झाल्यावर कळू नये.

पायरी १० : तपासणी

कोड पुसा आणि रिकाम्या जागी सावकाश चालवा. बऱ्याच गाड्यांत दिवा लगेच जात नाही, थोडा वेग घेऊन यंत्रणेने स्वतःची तपासणी केल्यावर जातो. चालू आकड्यांत चारही चाकं बरोबरीने चढली आणि उतरली की झालं.

दिवा परत आला तर चिडून दुसरा सेन्सर मागवण्याआधी स्कॅनरवर त्या चाकाच्या वेगाचा आलेख बघा. रेघ पूर्ण शून्यावर असेल तर कनेक्टर किंवा वायर. रेघ ठीक चालते पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा खाली पडते, तर रिंगचा एक भाग दुखावलाय. माझं हेच झालं होतं. नखाएवढा ओरखडा, आणि रेघ दर फेऱ्याला एकदा डुबकी मारायची. चुंबकीय रिंग बेअरिंगचाच भाग असल्यामुळे बेअरिंग बदललं. ते बदलायची वेळ तुमच्यावर आलीच तर नवं बेअरिंग कोणत्या तोंडाने बसतं ते दाबण्याआधी दोनदा बघा. रिंगचं तोंड सेन्सरकडे हवं, आणि उलटं बसलेलं बेअरिंग बाहेरून अगदी बरोबर दिसतं.

राहता राहिलं दुसऱ्या बाजूचं चाक. त्याचा सेन्सर चालू असेल तर तो साफ करायच्या निमित्ताने काढायला जाऊ नका, तोही जाम असणार आणि तोही मोडेल. चाकाचे नट टॉर्क पान्याने, समोरासमोरच्या जोड्या धरून आवळा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.